शनिवार-रविवारचा समुद्र

मुंबईत ऑफिसांच्या रिसेप्शनमध्ये माशांची टाकी दिसणं नवीन नाही. त्यात मूळचा चीनचा गोल्डफिश असतो, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला निऑन टेट्रा असतो, किंवा कोणा वास्तुतज्ज्ञाने सांगितलं म्हणून आणलेला आरोवाना असतो. सगळे गोड्या पाण्यातले. ऑफिसच्या खिडकीतून अरबी समुद्र दिसतो, दुपारच्या डब्यात बांगडा असतो, टाकीत मात्र समुद्रातला एकही मासा नसतो. कोणी हौसेने नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश आणलेच, तर बऱ्याचदा महिन्याभरात टाकी रिकामी होते. मग त्यात पुन्हा गोल्डफिश येतात, आणि ते मजेत जगतात.

समुद्रातले मासे नाजूक असतात, असं यावर सर्रास सांगितलं जातं. ते फारसं खरं नाही. क्लाऊनफिश नीट सांभाळला तर टाकीत दहा वर्षांहून अधिक जगतो. इतकी वर्षं एका ऑफिसात टिकणारे कर्मचारीसुद्धा आता कमीच. अडचण वेगळीच आहे. हे मासे ज्या पाण्यातून येतात ते फारसं बदलत नाही. लक्षद्वीपच्या प्रवाळखडकांवर दिवसा आणि रात्री, सोमवारी आणि रविवारी पाण्याचा खारटपणा आणि तापमान जवळपास सारखंच असतं. ऑफिसचं तसं नाही. संध्याकाळी एसी बंद होतो, शुक्रवारी दिवे मालवतात, दिवाळीत आठवडाभर कुलूप लागतं. म्हणून ऑफिसातली खाऱ्या पाण्याची टाकी आखताना सुट्टीच्या दिवसांचा हिशोब आधी करायचा आणि माशांची निवड सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मासे आधी आवडतात, टाकी नंतर घेतली जाते, आणि पाण्याचा विचार कोणी करतच नाही.

खारातली कैरी

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळाने भांड्याच्या तळाशी पाणी सुटतं. फोडीच्या आत मीठ कमी, बाहेर जास्त. मधल्या पातळ पापुद्र्यातून पाणी जास्त मिठाकडे ओढलं जातं. याला परासरण म्हणतात. समुद्रातला मासा जन्मभर या कैरीच्या जागी असतो. त्याच्या शरीरातला द्रव समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक-तृतीयांश खारट असतो. कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून त्याचं पाणी सतत बाहेर जात राहतं. म्हणजे पाण्यात राहूनही त्याला तहानेचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून तो समुद्राचं पाणी पितो, आणि त्यातलं जास्तीचं मीठ कल्ल्यांमधल्या खास पेशी बाहेर फेकतात. हे काम चोवीस तास चालतं आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते.

गोड्या पाण्यातल्या माशाचं नेमकं उलटं. बाहेरचं पाणी त्याच्या अंगात शिरत राहतं, म्हणून तो जवळजवळ पाणी पीतच नाही आणि भरपूर पातळ लघवी करतो.

दोन्हीकडे निभावून नेणारे मासे आपल्याच किनाऱ्यावर आहेत. पाला समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत चढतो. खाडीतली बोय किंवा काळुंदर पावसाळ्यात गोडसर आणि उन्हाळ्यात खारट होणारं पाणी सहन करतात. त्यांच्या शरीराला ही यंत्रणा हवी तशी फिरवता येते. प्रवाळखडकावरच्या माशांना तशी कधी गरजच पडली नाही. त्यांची यंत्रणा एका ठरावीक खारटपणावर लावलेली असते. तो हळूहळू थोडासा सरकला तर ते जुळवून घेतात. एका रात्रीत सरकला तर थकतात, रोगाला बळी पडतात.

मीठ घातलं की समुद्र होत नाही

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले सुमारे ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं साधं मीठ. मग दुकानातलं मीठ का चालत नाही? उरलेल्या १५ टक्क्यांमुळे. त्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि इतर कितीतरी घटक असतात. शिवाय घरच्या मिठात आयोडिन आणि मीठ सुटं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात.

‘पण मिठागरातलं जाडं मीठ तर समुद्राचंच ना?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वात रंजक वाटतं. पेण, उरण, भाईंदर, वसई या पट्ट्यात मिठागरं चालत आली आहेत. भरतीचं पाणी वाफ्यात घेतलं की ते उन्हात आटत जातं. पण सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, मग जिप्सम, आणि त्यानंतर साधं मीठ. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. मिठाचे खडे ओढून काढल्यावर वाफ्यात जे कडवट पाणी उरतं, त्यात ते असतात. म्हणजे मीठ होता होता समुद्राची वाटणी झालेली असते. आपल्या हाती त्यातला एकच वाटा येतो. तो पुन्हा पाण्यात विरघळवला तर खारट पाणी मिळतं. समुद्र मिळत नाही.

म्हणून टाकीसाठी खास तयार केलेलं सागरी मीठ घ्यावं लागतं, ज्यात हे सगळे घटक योग्य प्रमाणात असतात. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. विरघळल्यावर खारटपणा रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणाने मोजायचा. पाण्याचा एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि आतली रेघ वाचायची. हातात तराजू आणि मापी भांडं असलं तरी ही मोजणी चुकवू नये, कारण मिठाच्या पुड्याने हवेतला ओलावा ओढला की त्याचं वजन फसवतं.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, ड्रायव्हरला पाठवून चौपाटीवरून दोन कॅन भरून आणू. मुंबईच्या किनाऱ्यावरचं पाणी गाळाने आणि सांडपाण्याने भरलेलं असतं, आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा खाली येतो. जे पाणी आपण पायावर घ्यायला कचरतो, त्यात क्लाऊनफिश ठेवू नये.

पँट्रीतलं पाणी

मीठ कशात विरघळवायचं, हा पुढचा प्रश्न. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, थोडे नायट्रेट-फॉस्फेट असू शकतात. टाकीत पाणी उडत राहतं, नायट्रेट-फॉस्फेट मात्र उडत नाहीत. दर आठवड्याला भर पडत जाते आणि शेवाळाचं फावतं. म्हणून आरओचं पाणी हवं. ऑफिसच्या पँट्रीत आरओ असतोच, पण सावध राहा. पिण्याच्या आरओमध्ये चव यावी म्हणून बहुतेकदा थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं किंवा खनिजांची नळी बसवलेली असते. विरघळलेले क्षार मोजणारा, शंभर-दोनशे रुपयांपासून मिळणारा टीडीएस मीटर त्यात बुडवून बघा. पन्नास-साठ आकडा आला तर ते पाणी चहाला उत्तम. टाकीला शून्याच्या जवळचं हवं, आणि त्यासाठी आरओच्या पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी लागते. छोट्या टाकीला आठवड्याला दहा-पंधरा लिटरच लागतात. दुकानातून तयार पाणी कॅनमध्ये आणणं अनेकांना सोपं पडतं.

किती लहान म्हणजे फार लहान?

टेबलावर मावेल अशी वीस लिटरची ‘नॅनो’ टाकी दिसायला लोभस असते. नवख्याने ती घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. एसीच्या कोरड्या हवेत पाणी जास्तच उडतं. समजा, शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ या वेळात पाण्याची पातळी तीन सेंटिमीटर खाली गेली. टाकी २७ सेंटिमीटर खोल असेल तर आता २४ सेंटिमीटर पाण्यात पूर्वीचंच सगळं मीठ आहे. खारटपणा ३५ वरून ३९ च्या वर गेला. तीच पातळी ४० सेंटिमीटर खोल टाकीत तेवढीच उतरली तर खारटपणा ३८ च्या आत राहतो. शिवाय मोठ्या टाकीत माशांची घाण जास्त पाण्यात विरळ होते आणि तापमान सावकाश बदलतं. म्हणजे या छंदात टाकी जितकी लहान तितकी जबाबदारी मोठी. ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच ही टाकी मला ऑफिससाठी खालची मर्यादा वाटते. हिशोबाने ती ९६ लिटरची. दगड-वाळू घालून प्रत्यक्ष पाणी ऐंशीच्या आसपास.

या टाकीचं वजन जमेत धरा. पाणी ८० किलोच्या वर, काच वीसेक किलो, वर दगड आणि वाळू. म्हणजे दोन धडधाकट माणसं कायम त्या टेबलावर बसली आहेत असं समजा. पार्टिकल बोर्डचं फाइलचं कपाट हे वजन काही महिने पेलतं, मग सांडलेल्या पाण्याने फुगून वाकतं. लोखंडी सांगाडा किंवा चांगलं प्लाय घ्या, आणि लोखंडाला रंग द्यायला विसरू नका. खारं पाणी सुकून जिथे तिथे पांढरी मिठाची पुटं चढतात, आणि लोखंडाला गंज धरायला तेवढं निमित्त पुरतं.

उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या आरओ पाण्याने करायची, खाऱ्याने नाही. इथे हमखास घोटाळा होतो. खारं पाणी ओतत गेलं तर मीठ वाढतच जातं. ऑफिससाठी यावर ‘ऑटो टॉप-ऑफ’ नावाचं साधन आहे. पातळी उतरली की सेन्सर एका छोट्या पंपाला सांगतो, आणि बाजूच्या डब्यातलं गोडं पाणी टाकीत येतं. मला विचाराल तर दिवे, फिल्टर, सजावट यांत काटकसर करा आणि पहिले पैसे यावर घाला. शनिवार-रविवारचा निम्मा प्रश्न हे एकटं सोडवतं. त्याचा डबा मात्र छोटाच ठेवा. सेन्सर अडकला तर डब्यात असेल तेवढंच पाणी टाकीत जाईल.

मासे येण्याआधीचा महिना

टाकी भरली, पंप चालू झाला, पाणी नितळ दिसतंय. याच दिवशी मासे आणले तर ते मरतात, कारण पाणी नितळ असलं तरी रिकामं असतं.

मासा कल्ल्यांमधून अमोनिया टाकतो. उरलेलं खाणं कुजलं तरी अमोनियाच होतो. समुद्रात तो क्षणात पसरून जातो, टाकीत साठतो. शिवाय समुद्राचं पाणी थोडं अल्कधर्मी असतं. आम्ल-अल्काची मोजपट्टी म्हणजे पीएच. साध्या पाण्याचा ७, समुद्राचा ८.१ ते ८.३. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण तिच्यात गोल्डफिश का जगतो याचं अर्धं उत्तर आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक बराचसा निरुपद्रवी आणि एक विषारी. पीएच ७ ला विषारी रूपाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८.२ ला तो दहा पटींहून अधिक होतो. तेवढीच घाण गोड्या पाण्यात खपून जाते, खाऱ्या पाण्यात जीव घेते.

या विषाचा निकाल लावतात जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र बरंच सौम्य. ते दर आठवड्याला पाणी बदलून कमी करता येतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत फारसे. दगडांच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजवर त्यांचा पातळ थर बसतो. आणि ते वाढतात फार संथ. दही विरजणाऱ्या जिवाणूंना एक रात्र पुरते, यांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

हे कळायला बराच काळ गेला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचा त्यात मोठा हात होता, आणि कृत्रिम समुद्रपाणी बनवण्याची कृतीही त्याने लोकांपर्यंत नेली. त्या काळच्या हौशी लोकांची समजूत अशी की वनस्पती प्राणवायू देतात, प्राणी तो घेतात, झालं संतुलन. अमोनियाचा हिशोब त्यात नव्हताच. अमोनियाचा निकाल जिवाणू लावतात आणि त्यावरच आपली गुजराण करतात, हे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं.

जिवाणू वाढवायचे तर त्यांना अमोनिया द्यायला हवा. पूर्वी यासाठी स्वस्तातले काटक मासे टाकीत सोडत आणि मेले तर मेले म्हणत. ते क्रूर आहे आणि गरजेचंही नाही. दुसरा घरगुती उपाय म्हणजे बाजारातली एक कोळंबी टाकीत कुजू देणं. घरी चालेल, रिसेप्शनमध्ये करून पाहणाऱ्याने आधी एचआरशी बोलून घ्यावं. सोपा मार्ग म्हणजे अमोनियम क्लोराइडचे मोजके थेंब, किंवा रोज चिमूटभर माशांचं खाणं. सोबत चाचणीचा संच घ्या. काही दिवसांनी अमोनिया वर जातो, मग उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरून नायट्रेट दिसू लागतं. घातलेला अमोनिया एका दिवसात पूर्ण नाहीसा होऊ लागला आणि नायट्राइटही शून्य आलं की टाकी तयार.

याच काळात काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर चढतो. ते डायाटम नावाचं सूक्ष्म शैवाल. मग हिरवे केस उगवतात. साहेब येऊन विचारतात, ‘हे असंच राहणार का?’ नाही राहत. दिव्याची वेळ सात-आठ तासांवर ठेवली, खिडकीचं ऊन टाळलं आणि पाणी बदलत राहिलं की ओसरतं.

चौकट: ऐंशी लिटरच्या टाकीचे आकडे

खारटपणा: ३५ (विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२५ ते १.०२६)
तापमान: २५ ते २७ अंश सेल्सियस
पीएच: ८.१ ते ८.३, बंद ऑफिसात ७.९ पर्यंत खाली आला तरी घाबरू नये
अमोनिया आणि नायट्राइट: शून्य, नेहमी
आठवड्याचं पाणी बदलणं: ८ लिटर, त्यासाठी सुमारे ३०० ग्रॅम मीठ, आदल्या दिवशी विरघळवून हलतं ठेवलेलं
मासे: दोन किंवा तीन, सगळे एकाच वेळी नाही
काम: आठवड्याला एक तास, रोज पाच मिनिटं

संध्याकाळी एसी बंद होतो तेव्हा

दिवसा चोवीस अंशांवर असलेलं ऑफिस रात्री कुलूपबंद झालं की मे महिन्यात सहज तिशीच्या वर जातं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात तो मुळातच गोड्यापेक्षा कमी मावतो. २५ अंशांना लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.७. त्यात उष्णतेने माशांचा श्वासाचा वेग वाढतो. आवक कमी, गरज जास्त. म्हणून पृष्ठभाग सतत हलता ठेवणारा छोटा वेव्हमेकर हवाच. तो शोभेसाठी नसतो, प्राणवायू पाण्यात घुसवण्यासाठी असतो.

तापमानासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा क्लिपचा पंखा बसवला तर दोन-तीन अंश उतार मिळतो. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, त्याचा हा फायदा. पण मग टॉप-ऑफचं पाणी जास्त लागतं, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत पंखा फारसं काही करत नाही. पुण्या-नाशिकला उलट हिवाळ्यात हीटर लागेल. मुंबईत रात्रभर बंद राहणारं, पश्चिमेकडे काचेच्या भिंती असलेलं ऑफिस असेल तर चिलरचा खर्च धरा, नाहीतर हा बेत सोडा.

दिवसाचाही एक त्रास आहे. बंद खोलीत चाळीस माणसं श्वास सोडतात तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या दुपटी-तिपटीने वाढतो. तो पाण्यात विरघळला की आम्लता वाढते, पीएच उतरतो. कॉन्फरन्स रूममधल्या टाकीचा पीएच दुपारच्या मीटिंगनंतर मोजला आणि कमी आला, तर पावडरी घालू नका. दार उघडा.

वीज ही सगळ्यात मोठी गोष्ट. ऑफिस बंद करताना सिक्युरिटीचा माणूस मेन स्विच खाली करतो. तसं करायला त्याला सांगितलेलंच असतं. टाकीचा पंप बंद पडला की काही तासांत प्राणवायू संपतो, आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही तोच हवा असतो. टाकीची वीज सर्व्हरच्या यूपीएसवरून किंवा कधीच बंद न होणाऱ्या वेगळ्या एमसीबीवरून घ्यायची. त्यावर मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात पट्टी लावायची. शिवाय वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप मिळतो, तो ठेवायचा.

प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र विक्रेता आग्रहाने देईल. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुडे एकमेकांत न मिसळता टिकतात, त्यांना सेंद्रिय घाण चिकटते आणि फेसाच्या रूपाने वरच्या पेल्यात जमते. पावसाळ्यात लाटांवर पिवळट फेस येतो तो याच कारणाने. यंत्र चांगलं आहे, पण ऐंशी लिटर पाणी आणि दोन-तीन मासे असतील तर दर आठवड्याचं पाणी बदलणं पुरतं. तो पेला सोमवारी भरून वाहिलेला सापडतो, एवढं ध्यानात ठेवा.

कोणते मासे, कुठून आलेले

‘फाइंडिंग निमो’ २००३ मध्ये आला तेव्हापासून दुकानात मुलं निमो आणि डोरी मागतात. निमो, म्हणजे क्लाऊनफिश, छोट्या टाकीला योग्य. डोरी, म्हणजे निळा टँग, नाही. तो तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि त्याला पोहायला लांब टाकी लागते. क्लाऊनफिशची जोडी घ्या, एक मोठा आणि एक लहान. सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा आणि वरचढ असतो तो मादी होतो. मादी गेली तर उरलेला नर तिची जागा घेतो. ऑफिसातली पदोन्नती याहून कठीण असते. त्यांना समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, लागतंच असं नाही. दगडाच्या कोपऱ्यातही ते घर करतात. जोडीला एखादा छोटा गोबी मासा चालेल. बस.

दोन प्रश्न विक्रेत्याला विचारायचे. मासा पैदास केलेला की पकडलेला? क्लाऊनफिशची पैदास भारतात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र विकसित केलं आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने शोभेच्या सागरी माशांची हॅचरी उभारली आहे. टाकीत जन्मलेला मासा दाणेदार खाणं खातो आणि प्रवासाने खचत नाही. दुसरा प्रश्न दगडांचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून कठीण प्रवाळांना संरक्षण आहे, समुद्रघोड्यांनाही. मेलेलं प्रवाळ त्यातून सुटत नाही. म्हणून ‘कोरल’ म्हणून विकायला ठेवलेला पांढरा छिद्रदार तुकडा कितीही सुंदर असला तरी घ्यायचा नाही. सिरॅमिकचे छिद्रदार दगड मिळतात. जिवाणूंना छिद्रं हवी असतात, वंशावळ नाही.

हाउसकीपिंग, पेस्ट कंट्रोल आणि झेंडूचे हार

ऑफिसात टाकीला धोका सर्वात जास्त चांगल्या हेतूंचा असतो. काच पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया असू शकतो. टाकीची काच फक्त ओल्या फडक्याने पुसायची. झुरळांसाठी फवारतात ती औषधं बहुधा पायरेथ्रॉइड गटातली असतात. माणसाला तितकीशी नाहीत, पण मासे आणि कोळंबीवर्गीय जिवांना अत्यंत विषारी. आणि पेस्ट कंट्रोल होतं कधी? शनिवारी, ऑफिस रिकामं असताना. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. त्या मजल्यावर फवारणीऐवजी जेल लावायला सांगणं हा सरळ उपाय.

खाणं घालायचं एकाच माणसाने, आणि त्याच्या सुट्टीत दुसऱ्या ठरलेल्या माणसाने. डबा कुलपात. नाहीतर मार्केटिंग सकाळी घालतं, अकाउंट्स दुपारी घालतं, आणि कुरिअरवाला आला की तोही बिस्किटाचा तुकडा टाकतो. मोठे निरोगी मासे शनिवार-रविवार उपाशी राहिले तर त्यांचं काही बिघडत नाही. रविवारसाठी शुक्रवारी दुप्पट घातलं तर पाण्याचं बिघडतं. दिवाळीच्या आठवड्याला ठरावीक वेळी चिमूटभर टाकणारं यंत्र लावा, पण त्याची चाचणी आदल्या आठवड्यात तुम्ही समोर असताना घ्या.

दसऱ्याला कॉम्प्युटर, प्रिंटर आणि लिफ्टबरोबर टाकीचीही पूजा होईल. करू द्या. हार झाकणावर नको, स्टँडला बांधा. पाण्यात पडलेली पाकळी कुजते आणि तिचाही शेवटी अमोनिया होतो.

ऑफिस हललं तर

भाडेकरार संपतो, कंपनी दुसऱ्या मजल्यावर किंवा दुसऱ्या उपनगरात जाते. तेव्हा सगळे पाणी वाचवायच्या मागे लागतात, कॅन गोळा करतात. पाणी नवं बनवता येतं, जिवाणू नाही. म्हणून आधी दगड. टाकीच्या पाण्यात बुडवून किंवा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, झाकणाच्या बादलीत ठेवून सावलीत न्यायचे. ओले राहिले तर जिवाणू काही तास तग धरतात. फिल्टरचा स्पंज तसाच, टाकीच्याच पाण्यात. नळाखाली धुतला की क्लोरिन त्यांना संपवतं. मासे वेगळ्या बादलीत, बॅटरीचा एअर पंप लावून. वाळू मात्र जुनी तशीच टाकीत घालू नये. तिच्या खालच्या थरात साठलेली घाण एकदम पाण्यात मिसळते; वाळू खाऱ्या पाण्यात खळबळून घ्या किंवा नवी घाला. नव्या जागी टाकी भरल्यावर आठवडाभर रोज अमोनिया मोजा, आणि हलण्याचा दिवस सोमवार निवडा. म्हणजे पुढचे चार दिवस बघायला कोणीतरी असेल.